न्यूयॉर्क शहराचा स्थानिक कायदा १४४

नोकरभरतीत उमेदवारांची निवड किंवा छाननी संगणकाच्या गुणांवर करणाऱ्या मालकांसाठी न्यूयॉर्क शहराने केलेला कायदा. बढतीच्या निर्णयांनाही तो लागू आहे. नगरपरिषदेने तो नोव्हेंबर २०२१ मध्ये मंजूर केला. नियमावली ठरण्यास वेळ गेल्याने अंमलबजावणी मात्र ५ जुलै २०२३ रोजी सुरू झाली. ती शहराच्या ग्राहक व कामगार संरक्षण खात्याकडे आहे.

बायोडाटा वाचून क्रम लावणारी किंवा चित्रित मुलाखतीतली उत्तरे जोखणारी सॉफ्टवेअरे या कायद्याच्या कक्षेत येऊ शकतात. असे साधन वापरायचे तर वापरापूर्वीच्या वर्षभरात त्याची पक्षपात-तपासणी त्रयस्थाकडून झालेली असावी लागते आणि तिचा गोषवारा संकेतस्थळावर जाहीर करावा लागतो. उमेदवारालाही कामकाजाचे किमान दहा दिवस आधी कळवावे लागते. पर्यायी पद्धतीची मागणी कशी करावी हे त्या सूचनेत सांगायचे असते. पण पर्याय द्यायलाच हवा असे बंधन मालकावर नाही. पहिल्या उल्लंघनाला ५०० डॉलरपर्यंत दंड आहे, पुढच्या प्रत्येकाला ५०० ते १,५०० डॉलर.

तपासणीचे गणित सोपे आहे. समजा, शंभर पुरुषांपैकी ५० जण पुढच्या फेरीत गेले आणि शंभर स्त्रियांपैकी ३०. स्त्रियांचा निवड-दर ३० टक्के, तो ५० टक्क्यांनी भागला की ०.६० हे परिणाम-गुणोत्तर मिळते. लिंग, वंश आणि दोन्हींचा मेळ घालून (उदाहरणार्थ, आशियाई स्त्रिया) प्रत्येक गटासाठी ते काढतात. वय आणि अपंगत्व यांची मोजणी होत नाही, आणि ही उणीव गंभीर आहे. अमेरिकेच्या समान रोजगार संधी आयोगाने अशा साधनांविषयी केलेला एक सुरुवातीचा दावा वयाबद्दलच होता: ५५ आणि त्यापुढील स्त्रिया व ६० आणि त्यापुढील पुरुष यांचे अर्ज सॉफ्टवेअर आपोआप नाकारत होते. २०२३ मध्ये तो ३,६५,००० डॉलरवर मिटला. १९७८ च्या संघीय मार्गदर्शक सूचनांमध्ये चार-पंचमांशाचा, म्हणजे ०.८० चा दंडक आहे. स्थानिक कायदा मात्र उत्तीर्णतेची कोणतीच रेषा आखत नाही. ०.६० आले तरी आकडा जाहीर केला की या कायद्याची अट पुरी होते.

खरी फट व्याख्येत आहे. संगणकाचा गुण हा एकमेव आधार असेल, इतर कोणत्याही निकषापेक्षा जड असेल किंवा माणसाचा निष्कर्ष फिरवत असेल, तरच कायदा लागू होतो. ‘आम्ही गुण पाहतो, पण ठरवतो आम्हीच’ असे म्हणणारा मालक बाहेर राहू शकतो, आणि हे ठरवणाराही आधी तोच असतो. कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांच्या गटाने ३९१ मालकांची पाहणी केली, तेव्हा तपासणी-अहवाल १८ जणांचे आणि उमेदवारांसाठीच्या सूचना १३ जणांच्या सापडल्या. बाकीच्यांनी कायदा मोडला असे यावरून सिद्ध होत नाही. तो त्यांना लागू होतो की नाही, हेच बाहेरून कळत नाही.

युरोपीय संघाने २०२४ च्या कायद्यात भरतीची अशी साधने थेट ‘उच्च जोखमी’च्या वर्गात घातली. कामाच्या ठिकाणी चेहऱ्यावरून भावना ओळखणाऱ्या प्रणालींवर तर, वैद्यकीय व सुरक्षेची कारणे वगळता, फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आहे. न्यूयॉर्कचा मार्ग प्रकटीकरणाचा आहे आणि अंमलबजावणी मुख्यतः तक्रारींवर चालते. नाकारला गेलेला उमेदवार तक्रार करणार कशी? आपला अर्ज माणसाने वाचला की यंत्राने, हेच त्याला ठाऊक नसते.