मोटारीचा सायलेन्सर आणि आवाजाचा सोस : पार्श्वभूमी

ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यालगत किंवा नवी मुंबईच्या पामबीच मार्गावर राहणाऱ्यांना सायलेन्सर बदललेल्या मोटारीचा रात्रीचा आवाज नवा नाही. गंमत अशी, की ज्या भागाशी ही खटपट चालते, तो मुळात आवाज दाबण्यासाठीच जन्माला आला. अमेरिकेत रीव्हज बंधूंनी त्याचे पेटंट १८९७ मध्ये मिळवले.

चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेते तेव्हा सेकंदाला १०० स्फोट होतात, म्हणजे मूळ स्वर १०० हर्ट्झचा असतो. १९८३ मध्ये आलेल्या तीन सिलिंडरच्या मारुती ८०० मध्ये त्याच वेगाला तो ७५ हर्ट्झ भरे. त्यामुळे एकच सायलेन्सर दोन गाड्यांना लावला तरी आवाज सारखा येत नाही. आतले पडदे काढून छिद्रांची सरळ नळी आणि तिच्याभोवती काचेची लोकर ठेवली, की वरचे कर्कश स्वर शोषले जातात आणि खालची घरघर तशीच राहते. हमरस्त्यावर एका ठरावीक वेगाला काच बंद केल्यावर डोके उठवते ती हीच. तिच्यासाठी वेगळा रेझोनेटर, म्हणजे ठरावीक स्वर दाबणारा पोकळ डबा, जोडावा लागतो आणि स्वस्तातल्या कामात नेमका तोच गाळला जातो.

कुर्ल्याला बनणाऱ्या पद्मिनी मोटारीच्या काळी ही सारी वेल्डिंगवाल्याची कारागिरी होती, कारण पावसाळ्यात पत्रा सडला की सायलेन्सर तसाही बदलावाच लागे. मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना १ एप्रिल १९९५ पासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग, सक्तीचा झाला आणि आवाजाचा प्रश्न धुराच्या प्रश्नात गुंतला. कन्व्हर्टर आवाजही थोडा गिळतो, म्हणून तो काढून टाकण्याचा मोह होतो. माझ्या मते यात सुराची जाण कमी आणि विषारी धूर जास्त असतो. २०२० पासूनच्या बीएस-६ या प्रदूषण निकषाच्या गाड्यांत तर कन्व्हर्टरनंतर बसवलेला सेन्सर ही चलाखी ओळखतो आणि डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागतो.

कायदा मात्र जुनाच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १२० सायलेन्सर सक्तीचा करतो, तर १९८८ च्या कायद्यातील कलम ५२ मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने ध्वनी व हवेच्या प्रदूषणाचे निकष मोडणाऱ्या चालकाला पहिल्याच गुन्ह्यात दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आणि शिवाय तीन महिने परवान्यासाठी अपात्र ठरवले.