टपावरची हातभर हवा

गणपतीच्या दिवसांत नाशिकहून कोकणाकडे निघालेली गाडी लगेच ओळखू येते. बोलेरो, स्कॉर्पिओ नाहीतर ट्रॅव्हलर, टपावर कॅरिअर आणि कॅरिअरवर ताडपत्रीत आवळून बांधलेलं सामान. आजवर ही गाडी कसारा घाट उतरून भिवंडी, पनवेल करत महामार्गाने थेट गावी जायची. २०२५च्या गणेशोत्सवात मात्र कोकण रेल्वेने कोलाड ते गोव्यातलं वेर्णा या मार्गावर मोटारींसाठी रो-रो सेवा सुरू केली. आपली गाडी उघड्या सपाट वॅगनवर चढवायची, आपण त्याच रेल्वेला जोडलेल्या डब्यात बसायचं. एका वॅगनवर दोन मोटारी आणि वीस वॅगन, म्हणजे एका फेरीत चाळीस मोटारी. मालट्रकसाठी हीच सोय कोकण रेल्वेवर १९९९पासून आहे.

उंच गाडीवाल्याला साहजिकच प्रश्न पडतो, माझी गाडी मावेल का? त्याचं उत्तर गाडीच्या माहितीपत्रकातल्या उंचीवरून मिळत नाही, कारण रेल्वे उंची मोजते ती रुळाच्या माथ्यापासून.

भारतातल्या ब्रॉडगेज रुळांवर धावणाऱ्या डब्याची किंवा वॅगनची कमाल उंची ठरलेली आहे. मध्यभागी रुळापासून ४,२६५ मिलिमीटर, म्हणजे सव्वाचार मीटरहून थोडी जास्त. त्यातली सव्वा मीटरच्या आसपास उंची सपाट वॅगनची फरशीच खाते. उरले साधारण तीन मीटर. बोलेरोची उंची १,८८० मिलिमीटर, स्कॉर्पिओ क्लासिकची १,९९५. दोन्ही आरामात बसतात. आता अडीच मीटरहून उंच ट्रॅव्हलर घ्या आणि तिच्या टपावर अर्ध्या मीटरचं सामान चढवा. मर्यादा जवळपास संपलीच.

आणि हा हिशेब झाला बरोबर मध्यरेषेवरचा. ठरवून दिलेला आकार चौकोनी खोक्यासारखा नाही, वर जाताना तो दोन्ही खांद्यांवर उतरता होत जातो. असं का, याचं कारण मला या सगळ्या विषयातलं सर्वांत सुंदर भूमितीचं उदाहरण वाटतं.

वळणावर गाडी बाहेर फेकली जाऊ नये म्हणून बाहेरचा रूळ आतल्या रुळापेक्षा उंच ठेवतात. आपल्याकडे हा फरक जास्तीत जास्त १६५ मिलिमीटर असतो. दोन रुळांच्या माथ्यांच्या मध्यांतलं अंतर सुमारे १,७५० मिलिमीटर धरलं, तर उतार साडेपाच अंशांच्या आत-बाहेर येतो. हा आकडा किरकोळ वाटतो खरा, पण तो उंचीने गुणला जातो. रुळापासून एक मीटरवर असलेला भाग नऊ-साडेनऊ सेंटिमीटर आतल्या बाजूला झुकतो, तर चार मीटरवरचा भाग तब्बल ३७ सेंटिमीटर! वॅगन त्याच वळणावर सिग्नलला थांबली तरीही हा झुकाव तसाच राहतो. त्यात वॅगनच्या स्प्रिंगांचं डोलणं आणि गाडीच्या स्वतःच्या सस्पेन्शनचं डोलणं मिळवा. म्हणूनच वॅगनवर चढवलेल्या गाडीचा हँडब्रेक ओढतात, चाकांना अडणी लावतात, चाकं बांधतात. नाहीतर टप वॅगनच्या तालावर न डोलता स्वतःच्याच तालावर डोलेल.

वळणाची आणखी एक करामत आहे. डबा सरळ असतो, रूळ वाकलेले असतात. त्यामुळे दोन बोगींच्या, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या दोन गाड्यांच्या, मधला डब्याचा भाग वळणाच्या आत सरकतो. किती सरकतो याचं सूत्र शाळेतल्या वर्तुळाच्या धड्यातून निघतं : बोगींमधल्या अंतराचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट. जुन्या प्रवासी डब्यात हे अंतर १४.७८ मीटर. ब्रॉडगेजवरचं सर्वांत तीव्र वळण १७५ मीटर त्रिज्येचं मानतात. उत्तर येतं साडेपंधरा सेंटिमीटर. वळणांवर खांब, फलाट आणि बोगद्याची भिंत जास्तीचं अंतर सोडून बांधतात, ते या सगळ्यासाठी.

जुन्या प्रवासी डब्याचं उदाहरण मुद्दाम घेतलं. नाशिकला बनणाऱ्या गाड्या नाशिकरोडच्या मालधक्क्यावरून रेल्वेने बाहेरगावी जातात, आणि अशा वाहतुकीत रेल्वे ‘एनएमजी’ नावाचे डबे वापरत आली आहे. निवृत्त झालेला प्रवासी डबा घ्यायचा, बाकं काढायची, खिडक्या पत्र्याने बंद करायच्या आणि दोन्ही टोकांना दारं करायची. गाड्या एका टोकातून शिरतात आणि एकामागोमाग डब्यातून डब्यात पुढे सरकतात. मजला एकच असल्यामुळे उंच गाडीला तिथे अडचण नाही. एका फेरीत जास्त गाड्या न्यायच्या तर दोन मजली वॅगन लागते, आणि तिथे उंची महाग होते. फरशी मीटरभर उंचीवर आणली तरी वर सव्वातीन मीटर राहतात. दोन स्विफ्ट एकावर एक ठेवल्या तर ३.०४ मीटर, म्हणजे वरच्या मजल्याच्या पत्र्यापुरती जागा उरते. दोन बोलेरो झाल्या ३.७६ मीटर, त्या बसतच नाहीत. यावर उपाय म्हणून अशा वॅगनला लहान चाकं लावतात, फरशी जमेल तेवढी खाली घेतात.

इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या समुद्राखालच्या बोगद्यात १९९४पासून मोटारी रेल्वेने जातात. तिथल्या वॅगन ५.६ मीटर उंच आहेत, आपल्या मर्यादेपेक्षा सव्वा मीटरहून जास्त. तरीही १.८५ मीटरहून उंच गाडीला दोन मजली डब्यात प्रवेश नाही, तिला एक मजली डब्यात पाठवतात. आपली बोलेरो तिथे तीन सेंटिमीटरने हुकली असती.

आता वरच्या तारेकडे येऊ. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२मध्ये पूर्ण झालं. त्याआधी टपावर फक्त बोगद्याचं छत होतं, आता २५,००० व्होल्टची तार आहे. तारेची उंची साधारण साडेपाच मीटर असते, पुलाखाली आणि बोगद्यात ती आणखी खाली येते. कोरड्या हवेत एक मिलिमीटर फट पार करायला सुमारे ३,००० व्होल्ट लागतात. या तारेचा दाब दर आवर्तनात शिखरावर ३५,००० व्होल्टपर्यंत जातो, म्हणजे गुळगुळीत पृष्ठभागांमध्ये जेमतेम सव्वा सेंटिमीटरची ठिणगी. मग एवढी मोकळी जागा कशाला? कारण टपावरचं काहीच गुळगुळीत नसतं. टोकदार वस्तूभोवती विद्युतक्षेत्र एकवटतं आणि ठिणगी लांब उडी मारते. पावसाने ओली ताडपत्री, लोंबणारा दोर, रेडिओची अँटेना, सगळं तिला मदतच करतं. विजा चमकतात तेव्हा तारेतला दाब काही क्षण कितीतरी पट चढतो. ठरलेल्या आकाराबाहेरचा माल न्यायचाच असेल तर रेल्वे वेगळी परवानगी घेते, वेग कमी ठेवते आणि अंतर फारच कमी असेल तिथे तारेतला प्रवाह बंद करते.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे उघड्या वॅगनवर ताडपत्रीचं सैल टोक महामार्गावरच्यासारखंच फडफडतं. बोगद्यात रेल्वे समोरची हवा ढकलत जाते आणि ती हवा डब्यांच्या बाजूने मागे धावते, तेव्हा हे फडफडणं आणखी वाढतं. कोलाड ते वेर्णा वाटेत साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा आहे. फडकणारं टोक वर कुठवर पोचेल, हे कोणत्याच टेपने मोजता येत नाही.

गाडीची उंची घरीच मोजा, आणि रिकामी असताना मोजा, कारण भरलेली गाडी स्प्रिंगांवर दबून काही सेंटिमीटर खाली बसते. सपाट जागेवर उभी करून टपावरच्या सर्वांत उंच भागावर सरळ फळी आडवी ठेवायची आणि दोन्ही टोकांपासून जमिनीपर्यंत टेप लावायची. दोन आकडे वेगळे आले तर जागा सपाट नाही किंवा एखाद्या चाकात हवा कमी आहे. कॅरिअर आणि टपाचे दांडेही त्यात धरायचे.

टपावरचं सामान उतरवून आपल्याबरोबर डब्यात घेणं सर्वांत बरं. अँटेना दुमडून किंवा काढून ठेवावी. आणि वॅगनवर उभ्या गाडीच्या टपावर दोर आवळायला कुणीही चढू नये. फरशी सव्वा मीटर, गाडी पावणेदोन-दोन मीटर, त्यावर उभा माणूस, की डोकं रुळापासून पाच मीटरच्या घरात जातं. चालू तारेपासून माणसाने किमान दोन मीटर लांब राहावं असा रेल्वेचा नियम आहे, आणि टपावर नुसतं बसलं तरी तो मोडतो. गाड्या चढवतात त्या रुळावर तार नसली, तरी पुढच्या प्रत्येक स्टेशनात ती डोक्यावर असते.