कुंभाराचं गाढव आणि सिगारेट

गाढवाने माती आणली, कुंभाराने दांड्याने चाक फिरवलं, मडकं झालं. गाढव तर मडक्याच्या आधी हजर होतं. मग ते मडक्याचं कारण का नाही?

नैयायिकांनी, म्हणजे भारतातल्या न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांनी, हा प्रश्न चांगलाच मनावर घेतला होता. कार्याच्या आधी नियमाने असतं ते कारण, एवढ्यावर भागत नाही. नियमाने तर दांड्याचा रंगही असतो आणि कुंभाराचा बापही! अशा आयत्या हजेरीवाल्यांना त्यांनी ‘अन्यथासिद्ध’ (कार्यासाठी गरज नसलेले) ठरवून बाहेर काढलं. गाढवाचा निकाल सोपा: माती डोक्यावरून आणली तरी मडकं होतंच.

अठराव्या शतकात स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाने मुळावरच घाव घातला. बिलियर्डचा एक चेंडू दुसऱ्यावर आदळतो तेव्हा दिसतं काय? आधी हा, मग तो, आणि दर वेळी तसंच. पहिल्याने दुसऱ्याला ‘भाग पाडलं’ हे कुठेच दिसत नाही. ती आपल्या मनाची सवय. पण ‘आधी हा, मग तो’ एवढ्यालाच कारण म्हटलं तर पंचाईत होते: वादळाआधी बॅरोमीटरचा (हवेचा दाब मोजणाऱ्या यंत्राचा) पाराही उतरतो, म्हणून पारा काही वादळ आणत नाही.

१९७३ मध्ये अमेरिकेच्या डेव्हिड लुईस या तत्त्वज्ञाने वेगळी कसोटी मांडली: हे घडलं नसतं, तर ते घडलं असतं का? कोर्टातही वकील साधारण हेच विचारतात. अडचण अशी, की सुझी आणि बिली दोघांनीही बाटलीवर दगड मारला आणि सुझीचा आधी लागला, तर सुझीने मारला नसता तरी बाटली बिलीच्या दगडाने फुटलीच असती. म्हणून सुझी निर्दोष? लुईसने यावर डागडुजी केली, पण वाद मिटला नाही.

हा नुसता पंडिती काथ्याकूट नाही. १९५० मध्ये डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला, तेव्हा थोर संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर आडवे आले. (स्वतः पाइप ओढायचे.) त्यांचं म्हणणं: एखादं जनुकच धूम्रपानाची ओढही लावत असेल आणि कर्करोगही देत असेल. म्हणजे सिगारेट हे निव्वळ गाढव! शंका रास्त होती, पण सिगारेट सोडलेल्या ब्रिटिश डॉक्टरांमध्ये या कर्करोगाचं प्रमाण ओढत राहिलेल्यांपेक्षा कमी निघालं. सिगारेट सोडली म्हणून जनुक बदलत नाही.

तरी जन्मभर ओढूनही धडधाकट राहणारे आजोबा असतातच. ‘नियमाने’ ही अट लावली, तर सिगारेट निर्दोष सुटते. म्हणून आज बरेच तत्त्वज्ञ म्हणतात, कारणाने शक्यता वाढली तरी पुरे.