हिमालयाने ओळंबा ओढला, पण कमीच

लाकूड पाण्यावर तरंगते, याचे गणित आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातच मांडले. तोच नियम डोंगरांनाही लागू पडतो, हे कळायला मात्र १८५५ साल उजाडले, आणि तेही भारतात झालेल्या मोजणीमुळे.

जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात मध्य भारतातले कल्याणपूर आणि उत्तरेला मुजफ्फरनगरजवळचे कलियाना यांच्या अक्षांशांतला फरक दोन रीतींनी काढला होता. एक रीत जमिनीवर त्रिकोण मांडत जाण्याची, दुसरी ताऱ्यांच्या वेधांची. दोन्ही उत्तरांत सुमारे ५.२ विकलांची (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) तफावत निघाली, म्हणजे जमिनीवर साधारण १६० मीटर. एवढ्या काटेकोर कामात ही चूक खपण्यासारखी नव्हती.

ताऱ्यांचा वेध घेताना उभी दिशा ओळंब्यावरून ठरते. हिमालयाच्या गुरुत्वाकर्षणाने ओळंबाच उत्तरेकडे झुकला असणार, कलियानाला जास्त, कल्याणपूरला कमी. शंका नवी नव्हती. अठराव्या शतकात पृथ्वीचा आकार मोजायला पेरूला गेलेल्या मोहिमेत फ्रेंच शास्त्रज्ञ बूगेर यांनी चिंबोराझो पर्वताजवळ असा झुकाव मोजला होता आणि तो अपेक्षेपेक्षा फारच कमी भरला होता. आता कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांनी हिमालयाच्या वस्तुमानाचा हिशेब मांडला. त्याच्या ओढीने पडायला हवा तो फरक आला १५.९ विकला, प्रत्यक्ष तफावतीच्या तिप्पट! धर्मगुरूने फावल्या वेळात केलेले हे गणित माझ्या मते त्या सर्वेक्षणाइतकेच मोलाचे.

मग उरलेले ओढबळ गेले कुठे? खुलासा केला ब्रिटनचे राजखगोलज्ञ जॉर्ज एअरी यांनी. पाण्यावरच्या ओंडक्यांपैकी जो जास्त वर डोकावतो तो खालीही जास्त खोल बुडालेला असतो. तसे डोंगराखाली हलक्या खडकाचे मूळ जड थरात रुतलेले असते. ते तिथल्या जड द्रव्याची जागा घेते, म्हणून ओढ घटते. प्रॅट यांना हे पटले नाही. १८५९ मध्ये त्यांनी वेगळी कल्पना मांडली: तळ सगळीकडे सारख्याच खोलीवर, फक्त डोंगराखालचा खडक कमी घनतेचा. हिमालय-तिबेटपुरते एअरी बरोबर ठरले. कवचाची, म्हणजे पृथ्वीच्या वरच्या थराची, घनता घनसेंटिमीटरला २.७ ग्रॅम आणि त्याखालच्या प्रावरणाची ३.३ धरली, तर एक किलोमीटर उंचीला साडेचार किलोमीटर मूळ लागते. तिबेटखाली कवच सुमारे ७० किलोमीटर जाड आहे, खंडांच्या सरासरीच्या जवळजवळ दुप्पट.

या समतोलाला 'आयसोस्टसी' हे नाव अमेरिकी भूशास्त्रज्ञ क्लॅरेन्स डटन यांनी १८८९ मध्ये दिले. ओझे उतरले की जमीन वर येते, हेही त्यातच आले. हिमयुगातला बर्फ वितळून हजारो वर्षे लोटली, तरी स्वीडनचा बॉथनियाच्या आखाताकाठचा काही भाग अजून वर्षाला आठ-नऊ मिलिमीटर उचलला जातो आहे.