बोलीक्षेत्रे : तेलुगू व बेलारूशी

द्राविडी कुळातील तेलुगू आणि पूर्व स्लाव्ह शाखेतील बेलारूशी या भाषांचा एकमेकींशी संबंध नाही. त्यांच्या बोलींची वाटणी मात्र शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहे. एकीत ती प्रामुख्याने शब्दांवरून झाली, दुसरीत उच्चारांवरून.

भाषाशास्त्रज्ञ भद्रिराजू कृष्णमूर्ती यांनी तेलुगूच्या चार बोली मानल्या : उत्तर (तेलंगण), दक्षिण (रायलसीमा), पूर्व (विशाखापट्टणम-श्रीकाकुलम) व मध्य (कृष्णा, गुंटूर आणि गोदावरी जिल्हे). यामागे त्यांनी गावोगावच्या व्यावसायिकांकडून जमवलेले शब्द होते. पैकी शेतीविषयक खंड 1962 मध्ये निघाला. क्रियारूपांतही भेद आहेत. ‘तो आला’ हे किनाऱ्यावर ‘वच्चाडु’, रायलसीमेत ‘वच्चिनाडु’, तर तेलंगणात ‘वच्चिंडु’ असे होते. रायलसीमेचे रूप जुन्या ग्रांथिक रूपाला अधिक जवळचे आहे. गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचा भागात तेलंगणी वळणाची तेलुगू ऐकू येते.

बेलारूशीच्या ईशान्य व नैर्ऋत्य या दोन मुख्य बोली असून त्यांच्यामध्ये अश्म्यानी-मिन्स्क-बब्रुइस्क-होमेल असा संक्रमणपट्टा, म्हणजेच मध्य बोली, आहे. 1963 च्या बोली-नकाशासंग्रहाने ही विभागणी पक्की केली. मुख्य निकष ‘आकान्ये’, म्हणजे बलाघात (उच्चारातील जोर) नसलेल्या ‘ओ’चा ‘अ’ होणे. ‘वदा’ (पाणी) या शब्दात बलाघात शेवटच्या ‘आ’वर असतो, ईशान्येकडे त्यामुळे आधीचा ‘अ’ आखूड होऊन ‘इ’कडे झुकतो, ‘वदी’ या षष्ठीरूपात मात्र तो स्पष्ट राहतो. नैर्ऋत्येला दोन्हीकडे ‘अ’च.

आकान्येच्या उगमाविषयी मतभेद आहेत. रशियन भाषाशास्त्रज्ञ शाख्मातव यांनी तो बराच मागे, लेखनपूर्व काळात नेला. नंतरचे भाषाशास्त्रज्ञ आवानेसव यांनी जुन्या स्लाव्ह भाषेतील दोन अतिऱ्हस्व स्वर लोपल्यानंतरचा, साधारण बाराव्या-तेराव्या शतकाचा सुमार धरला. काहींनी बाल्टिक भाषिकांच्या जुन्या वस्तीचा परिणाम सुचवला आहे. निःसंदिग्ध लेखी खुणा चौदाव्या शतकापासून मिळतात. लेखनिक परंपरेने ‘ओ’च लिहीत असल्याने हा पुरावा निर्णायक नाही. तरीही आवानेसव यांचे मत अधिक संभवनीय वाटते. बेलारूशी बोलींची सांगड क्रिविची व द्रेगोविची या जुन्या स्लाव्ह टोळ्यांशी थेट घालणे धाडसाचे आहे.

प्रमाणभाषा दोन्हीकडे मध्य बोलीवर उभी आहे : तेलुगूत गिडुगु राममूर्ती (1863–1940) यांच्या व्यावहारिक भाषेच्या (ग्रांथिकाऐवजी बोलभाषेत लिहिण्याच्या) चळवळीनंतर, बेलारूशीत भाषाशास्त्रज्ञ तराश्केविच यांच्या 1918 च्या व्याकरणापासून. बेलारूसच्या नैर्ऋत्येकडील पश्चिम पोलेसियातील बोली या चौकटीत नीट बसत नाहीत. काही अभ्यासक त्यांना बेलारूशी व युक्रेनी यांच्यामधला स्वतंत्र गट मानतात.