डॉक्टरांनी सांगितलेला समुद्र

पोर्तुगालमध्ये सुट्टीसाठी किनाऱ्यावर जाण्याला एक जुना शब्दप्रयोग आहे: 'ईर आ बान्युश', म्हणजे स्नानांना जाणे. एक स्नान नव्हे, अनेक. त्या अनेकवचनातच या सुट्टीचं मूळ आहे. आज दक्षिण पोर्तुगालमधल्या अल्गार्व्हच्या वाळूवर छत्री रोवून पहुडलेल्या माणसाला ते ठाऊक असेलच असं नाही, पण त्याच्या पणज्याला समुद्र लिहून दिला होता तो डॉक्टरांनी.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-फ्रान्समधून समुद्रस्नानाच्या उपचाराची लाट पोर्तुगालपर्यंत पोचली. तोवर किनारा ही कोळ्यांची कामाची जागा होती. होड्या, जाळी आणि वाळत घातलेली मासळी, एवढंच तिथे असायचं. आता अशक्तपणा, गंडमाळा, मज्जातंतूंचे विकार, सगळ्यांवर थंड खारं पाणी हा इलाज ठरला. किती दिवस, किती स्नानं, हे डॉक्टर सांगत आणि लोक इमानेइतबारे मोजत. बहुतेकांना पोहता येत नसे. मग कोळ्यांपैकीच काही धिप्पाड माणसं 'बान्यैरू', म्हणजे न्हाऊ घालणारे झाली. चित्र डोळ्यांसमोर आणा: पहाटेची वेळ, हुडहुडी भरवणारा उत्तरेचा वारा, पाणी ऑगस्टमध्येही अंगावर काटा आणणारं. जाड लोकरी पोशाखातली एखादी बाई दोन्ही हातांनी बान्यैरूचा दंड घट्ट धरून कंबरभर पाण्यात उभी आहे. लाट आली की तो तिला खाली दाबतो, वर काढतो आणि पुढच्या लाटेची वाट पाहतो. ती किंचाळते, पण मोजणं सोडत नाही. माझ्या लेखी हा इतिहास सुरू होतो तो इथे. ज्या हातांनी रात्री जाळं ओढलं, तेच हात सकाळी शहरातल्या पाहुण्यांना धरत होते.

ऊन कुणालाच नको होतं. काळवंडलेली कातडी ही शेतात राबणाऱ्यांची खूण, म्हणून स्नान आटोपलं की सगळे सावलीत. शेतकरी कुटुंबं यायची ती सुगी उरकल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात. 1876 मध्ये रामाल्यु ऑर्तिगाँव या लेखकाने देशातल्या किनाऱ्यांवर अख्खं मार्गदर्शक पुस्तक लिहिलं, म्हणजे तोपर्यंत वाचकवर्ग तयार झाला होता.

या चालीला प्रतिष्ठा दिली राजघराण्याने. 1870 पासून राजा लुईश पहिला लिस्बनजवळच्या कास्काइश या कोळीगावातल्या किल्ल्यात उन्हाळा अखेरचे दिवस घालवू लागला. राजा आला म्हणून दरबारी आले आणि दरबाऱ्यांमागून त्यांचे बंगले आले. 1878 मध्ये याच किल्ल्यात देशातले पहिले विजेचे दिवे लागले. सप्टेंबर 1889 अखेर कास्काइशला रेल्वे पोचली आणि तीन आठवड्यांच्या आत राजा लुईशने तिथेच देह ठेवला. उत्तरेकडे 1882 मध्ये फिगैरा द फोशला स्पेनच्या सरहद्दीपासून आगगाडी आली. तेव्हापासून स्पेनच्या आतल्या भागातली, समुद्र न पाहिलेली कुटुंबं तिथे लोटली. गाडी नसती तर हे किनारे राजाचेच राहिले असते.

एक गोष्ट मला या सगळ्यात फार मोलाची वाटते. 31 डिसेंबर 1864 च्या हुकुमाने समुद्रकिनारा सार्वजनिक मालकीचा ठरला. पुढे हॉटेलं कितीही उभी राहिली, तरी वाळूवर सर्वांचा हक्क हे तत्त्व तिथे मुरलेलं आहे.

आपल्याकडे याचा एक खरा धागा गोव्यात सापडतो. मडगावची खानदानी कुटुंबं मे महिन्यात कोलव्याला मुक्काम हलवत. त्याला नाव होतं 'मुदान्सा', म्हणजे पालट, हवापालट. खाऱ्या पाण्यात बुडून घेतलं की अंगदुखी जाते, असं मानून मे महिन्यात दर्यावर जाणारे गोव्यात आजही आहेत.

दुसऱ्या महायुद्धात हे किनारे वेगळ्याच लोकांनी भरले. 1940 मध्ये फ्रान्स पडल्यावर हजारो निर्वासित, त्यांत पुष्कळ ज्यू, तटस्थ पोर्तुगालमध्ये आले. फ्रान्समधल्या बोर्दो शहरातला पोर्तुगालचा वाणिज्यदूत अरिश्तिदेश द सोझा मेंदेश याने वरून आलेला आदेश मोडून अनेकांना व्हिसा दिले होते. लिस्बनमध्ये जागा पुरेना, म्हणून कित्येकांना फिगैरा द फोश, एरिसैरा अशा गावांत राहण्याची सक्ती झाली. अमेरिकेच्या जहाजाची वाट पाहत ते किनाऱ्यावरच्या कॅफेंत बसत. बाया टोपीविना, उघड्या हातांनी, सिगारेट ओढत बसलेल्या पाहून गावं थक्क झाली. याच सुमारास, मे 1941 मध्ये, हुकूमशहा सालाझारच्या राजवटीने स्नानाचा पोशाख कसा असावा याचा हुकूम काढला होता आणि किनाऱ्यावरचे पहारेदार दंड ठोठावत होते. त्या पाहुण्यांची एक खूण उरली आहे. पोर्तुगीज किनाऱ्यांवर टोपल्या घेऊन फिरणारे विक्रेते 'बोला द बर्लिं'ची आरोळी देतात. बर्लिनचा गोळा, म्हणजे तळलेला, साखरेत घोळवलेला गोड पाव. तो जर्मन निर्वासितांनी आणला असं सांगतात. आत मूळचा मुरांबा होता, त्याजागी पोर्तुगीजांनी अंड्याच्या बलकाची पिवळीधमक मलई भरली.

अल्गार्व्हची कहाणी फार अलीकडची. नाव अरबी 'अल-घर्ब', पश्चिम, यावरून आलं. 1965 मध्ये फारूचा विमानतळ सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी लिस्बनला तेजू नदीवर पूल होऊन दक्षिणेची वाट सोपी झाली. त्यानंतर सार्डिन डबाबंद करणारे कारखाने मागे पडत गेले आणि हॉटेलांची रांग लागली.

मला मात्र पुन्हापुन्हा नाझारे या कोळीगावाला यावंसं वाटतं. जुनी वस्ती वर, 110 मीटर उंच कड्यावरच्या सीतिउमध्ये. खाली वाळूवर अठराव्या शतकापासून उत्तरेकडच्या इल्यावु गावाहून आलेले कोळी वसले. दोन्ही भागांना जोडणारी दोरावरची गाडी 1889 मध्ये सुरू झाली. गावात बंदर नव्हतं. उंच टोकाच्या होड्या लाटा फोडत आत जायच्या आणि परतल्यावर बैल त्यांना वाळूवर ओढायचे. बंदर झालं ते थेट 1980 च्या दशकात. बायका एकावर एक सात परकर नेसत. होड्यांची वाट पाहत थंडीत बसताना वरचे डोक्यावर-खांद्यावर ओढून घ्यायचे आणि खालचे पायांना उबेला, असं त्या सांगतात. गावासमोरच समुद्रतळाशी प्रचंड घळ आहे, तिची खोली पुढे सुमारे पाच किलोमीटरपर्यंत जाते. तीच हिवाळी लाटांना डोंगराएवढं करते. ज्या लाटांनी कित्येक घरं उजाड केली, त्यांवर फळीवर उभं राहून स्वार होण्याचा, म्हणजे सर्फिंगचा, 2011 मध्ये गॅरेट मॅकनमाराने 78 फुटांचा आणि 2020 मध्ये सेबास्टियन श्टॉइटनरने 86 फुटांचा विक्रम केला.

उन्हाळ्यात तिथे पट्ट्यापट्ट्यांचे कापडी तंबू रांगेने उभे राहतात. त्यांच्या पलीकडे, वाळूवरच, लाकडी चौकटींना ताणलेल्या जाळ्यांवर पोटं चिरून पसरलेले कारापाऊ मासे उन्हात वाळत असतात, आपल्याकडे कोळीवाड्यात बोंबील सुकतात तसे. बायका ते पालथे करतात, माश्या वारतात, येणाऱ्याजाणाऱ्याला विकतात. आणि किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर परकर नेसलेल्या काही म्हाताऱ्या हातात पाटी धरून बसतात: 'क्वार्तुश', खोल्या मिळतील. पाहुणे घरात आले की घरची माणसं मागच्या खोलीत सरकतात.