नायट्रो ड्रॅग रेसवाले डॅम्पर लावत नाहीत, मग आपण का?

इंदूरच्या गॅरेजांत हा युक्तिवाद हमखास ऐकू येतो: क्रँक (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) बॅलन्स केली की डॅम्पर (क्रँकच्या पुढच्या टोकावरची, हब आणि बाहेरची रिंग यांच्यात रबर असलेली चकती) नुसतं ओझं. खरं तर बॅलन्सिंगमुळे फिरत्या वजनाचा तोल साधतो; प्रत्येक स्फोटाने क्रँकला बसणारा पीळ डॅम्पर जिरवतो. दोन वेगळी कामं.

डॅम्परऐवजी साधा हब (रबर-रिंग नसलेला मधला भाग) लावणाऱ्या, नायट्रोमिथेन इंधनावरच्या नायट्रो गाडीची धाव चारेक सेकंदांची, आणि नंतर इंजिन उघडतातच. रस्त्यावरच्या गाडीला ही चैन कुठली? ठराविक आरपीएमला पीळ वाढत जाऊन क्रँक तुटू शकते.

डॅम्परच्या हबपासून बाहेरच्या रिंगपर्यंत रंगाची सरळ रेघ ओढा. रेघ तुटली म्हणजे रबर सुटलं, रिंगवरची टायमिंगची (ठिणगीची वेळ जुळवायची) खूणही खोटी. बसवताना हातोडा नको, थ्रस्ट बेअरिंग (क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारं) जातं. बोल्टच्या इन्स्टॉलर अवजारानेच ओढून घ्या. सैल हब फक्त चावीच्या (हब आणि क्रँकमधल्या खाचेत बसणाऱ्या धातूच्या छोट्या तुकड्याच्या) भरवशावर चालवू नका.